स्मृतीतील कॉव्हेंट्री : शहर सोडून गेलेल्यांच्या आठवणी आणि इतिहासलेखनातील काही प्रश्न

प्रस्तावना

इंग्रजी भाषेत एखाद्यास वाळीत टाकणे या अर्थी त्याला 'कॉव्हेंट्रीला पाठविणे' असा वाक्प्रचार आहे. त्याच्या उगमाविषयी अनेक कथा सांगितल्या जातात आणि त्यांपैकी एकीवरही अभ्यासकांचे एकमत नाही. मात्र या शहराकडे धाडले गेलेले लोक जितके प्रसिद्ध, तितकेच या शहरातून बाहेर पडलेले लोकही इतिहासदृष्ट्या महत्त्वाचे आहेत, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. १८६० मध्ये फ्रान्सशी झालेल्या व्यापारी करारानंतर रेशमी फितींचा धंदा कोसळला व विणकरांची कुटुंबे कामाच्या शोधात परगावी आणि परदेशी गेली. विसाव्या शतकात युद्धामुळे, शिक्षणामुळे व पुढे मोटारधंद्याच्या पडझडीमुळे लोक बाहेर पडत राहिले. या माजी नगरवासीयांनी आपल्या गावाविषयी सांगितलेल्या आणि लिहिलेल्या आठवणींचे आता एक मोठे भांडार तयार झाले आहे. त्या आठवणींकडे इतिहासाचे साधन म्हणून कसे पाहावे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

विषयाच्या निवडीबद्दल एक खुलासा येथे करणे आवश्यक वाटते. प्रस्तुत लेखकाने हे शहर पाहिलेले नाही. पदव्युत्तर वर्गास मौखिक इतिहासाची पद्धती शिकविताना दुसऱ्या महायुद्धातील नागरी जीवनाचे उदाहरण घेतले, तेव्हा कॉव्हेंट्रीचा प्रथम परिचय झाला. आठवण आणि दस्तऐवज यांचा झगडा इतक्या उघडपणे दाखविणारे दुसरे इंग्रजी शहर त्यानंतरच्या वाचनात आढळले नाही.

शहराची पार्श्वभूमी

कॉव्हेंट्री हे मध्य इंग्लंडमधील, ऐतिहासिकदृष्ट्या वॉर्विकशायर परगण्यातील शहर होय. येथील बेनेडिक्टाइन मठ अकराव्या शतकात लिओफ्रिक व त्याची पत्नी गोडायव्हा यांच्या आश्रयाने उभा राहिला. तिच्या नग्नावस्थेतील अश्वारोहणाची कथा पुढील शतकांतील आहे, समकालीन नाही. १३४५ च्या सनदेने शहरास स्वशासन मिळाले. मध्ययुगात लोकर व निळ्या रंगाचे कापड, त्यानंतर रेशमी फिती व घड्याळे, मग शिवणयंत्रे, सायकली, मोटारी व विमाने असा या गावाच्या धंद्यांचा क्रम लागतो. जॉन केम्प स्टार्ली यांची रोव्हर सायकल १८८५ ची आणि डेमलर कंपनीचा कारखाना १८९६ चा. १९०१ मध्ये सुमारे ७०,००० असलेली लोकसंख्या दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत दोन लाखांच्या पुढे गेली होती.

ही वाढ मुख्यतः बाहेरून आलेल्या कामगारांमुळे झाली. वेल्स, स्कॉटलंड, आयर्लंड व उत्तर इंग्लंडमधील मंदीग्रस्त भागांतून माणसे येथे आली. इंडियन वर्कर्स असोसिएशन या भारतीय कामगारांच्या संघटनेची स्थापनादेखील १९३८ मध्ये याच शहरात झाली. म्हणजे 'आमचे जुने कॉव्हेंट्री' म्हणून ज्या गावाची आठवण पुढे काढली जाते, त्या गावात ती आठवण काढणाऱ्यांची अनेक कुटुंबे एका पिढीपूर्वी उपरीच होती. असे असूनही लाकडी चौकटींची घरे, अरुंद बोळ आणि सेंट मायकेल, होली ट्रिनिटी व ख्राइस्ट चर्च यांचे तीन उंच मनोरे यांच्यावर या कुटुंबांनी जीव लावला, हे लक्षणीय आहे. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंग्लिश जर्नी' या प्रवासवर्णनात जे. बी. प्रीस्टली यांनीही या कारखान्यांच्या गावात इतके मध्ययुगीन अवशेष शिल्लक असल्याबद्दल आश्चर्य व्यक्त केले आहे.

एका रात्रीवर टाकलेला भार

१४ नोव्हेंबर १९४० च्या सायंकाळी सातच्या सुमारास जर्मन विमानांचा हल्ला सुरू झाला व तो पहाटेपर्यंत, म्हणजे सुमारे ११ तास चालला. अधिकृत आकड्यानुसार ५६८ माणसे मृत्युमुखी पडली. ४,००० हून अधिक घरे नष्ट झाली. सेंट मायकेल हे चर्च १९१८ पासून कॅथीड्रल झालेले होते. ते जळून गेले, मात्र त्याचा मनोरा व बाहेरील भिंती उभ्या राहिल्या. मृतांपैकी अनेकांचे दफन लंडन रोडवरील स्मशानभूमीत सामुदायिक कबरींत करावे लागले. शहर युद्धसामग्रीच्या उत्पादनाचे मोठे केंद्र होते व हल्ल्यामागील कारणही तेच होते. परंतु बॉम्बफेकीत कारखाने व वस्ती असा भेद राहिला नाही.

शहर सोडून गेलेल्यांच्या आठवणींत या रात्रीस केंद्रस्थान असणे स्वाभाविक आहे. अडचण उद्भवते ती त्यापुढे. जुने गाव कुठे गेले, या प्रश्नास बहुतेक आठवणी एकच उत्तर देतात : ते त्या रात्री गेले. दस्तऐवज मात्र निराळी हकिकत सांगतात.

बुचर रो या गल्लीचे उदाहरण घेऊ. होली ट्रिनिटी चर्चजवळील ही अरुंद गल्ली पुढे झुकलेल्या लाकडी घरांनी व दुकानांनी गजबजलेली असे. जुन्या कॉव्हेंट्रीचे चित्र म्हणून हिचेच छायाचित्र वारंवार दाखविले जाते. ती जर्मन बॉम्बने पडली, असे सांगणारे आजही भेटतात. वस्तुतः ती १९३६ मध्ये नगरपालिकेने स्वतःच पाडली. जागा अस्वच्छ, इमारती मोडकळीस आलेल्या आणि मोटारींच्या रहदारीस मार्ग हवा, ही त्यामागील कारणे होती. तिच्या जागी ट्रिनिटी स्ट्रीट हा रुंद रस्ता १९३७ मध्ये खुला झाला. त्यापूर्वी १९३१ मध्येच कॉर्पोरेशन स्ट्रीट हा नवा रस्ता काढला गेला होता. तेव्हा पाडापाडीची सुरुवात बॉम्बने केली नाही.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की १९३७ मध्ये मजूर पक्षाच्या हाती नगरपालिका आल्यानंतर शहर-वास्तुशिल्पज्ञ हे पद निर्माण झाले व त्यावर डोनाल्ड गिब्सन या तिशीतील तरुणाची नेमणूक झाली. त्याच्या खात्याने 'उद्याचे कॉव्हेंट्री' या विषयावर भरविलेले प्रदर्शन मे १९४० मधील आहे, म्हणजे मोठ्या हल्ल्यापूर्वी सहा महिने. मध्यवर्ती भाग पुसून नव्याने मांडण्याची कल्पना तेथे नकाशा व प्रतिकृतींच्या रूपाने लोकांसमोर आली होती. आणि हे प्रदर्शन भरले ते सेंट मेरीज गिल्डहॉल या मध्ययुगीन सभागृहात! हल्ल्यानंतर नगर-अभियंता अर्नेस्ट फोर्ड याचा जुन्या रस्त्यांची रचना बऱ्याच अंशी राखणारा आराखडा व गिब्सनचा धाडसी आराखडा यांपैकी नगरपालिकेने फेब्रुवारी १९४१ मध्ये गिब्सनचा आराखडा स्वीकारला.

युद्धानंतरही पाडकाम थांबले नाही. पायी चालणाऱ्यांसाठीचा बाजारचौक, ज्यास तेथे प्रिसिंक्ट म्हणतात, पन्नाशीच्या दशकात उभा राहिला. शहराभोवतीचा वर्तुळाकार उन्नत रस्ता १९६२ ते १९७४ या काळात बांधला गेला आणि त्याच्या वाटेत बॉम्बमधून वाचलेली घरेही आली. काही लाकडी घरे सुटी करून स्पॉन स्ट्रीट या एका रस्त्यावर नेऊन पुन्हा उभारण्यात आली. तीस-चाळीस वर्षांनी गावी परतणाऱ्यास तो रस्ता ओळखीचा वाटतो, पण शेजारची घरे ओळखीची वाटत नाहीत, कारण ती मुळात तेथे नव्हतीच.

मग या आठवणी खोट्या म्हणावयाच्या काय? इटालियन अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तेर्नी या पोलादनगरीतील कामगारांच्या मुलाखती घेतल्या. लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात मारला गेला होता, परंतु अनेकांनी त्याचा मृत्यू १९५३ च्या नोकरकपातविरोधी लढ्यात झाल्याचे सांगितले. पोर्तेल्ली यांच्या मते ही चूक टाकून देण्याजोगी नाही, कारण त्या मृत्यूला लोक कोणता अर्थ देऊ इच्छीत होते हे तीतून कळते. कॉव्हेंट्रीच्या बाबतीत हे सूत्र उपयोगी पडते, पण प्रस्तुत लेखकास ते सरसकट मान्य नाही. तेर्नीच्या कामगारांच्या चुकीने मृताचा सन्मान वाढला. बुचर रोच्या चुकीने मात्र निर्णय घेणारी नगरपालिका, तिला निवडून देणारे मतदार आणि रुंद रस्त्यांचे मनापासून स्वागत करणारे नागरिक हे सर्वच जबाबदारीतून मोकळे होतात. शत्रूने नेले असे म्हणणे, आपणच पाडले असे म्हणण्यापेक्षा सोपे असते. त्या काळच्या नागरिकांना नवे रस्ते, उजेड व स्वच्छता हवी होती आणि त्यात गैर काही नव्हते. ही इच्छा मात्र आठवणींतून जवळपास नाहीशी झाली आहे. पुढे वाटू लागलेल्या हळहळीने आधीच्या उत्साहाची जागा घेतली, असे यावरून म्हणावे लागते.

ऐकीव माहितीची आठवण

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. 'चर्चिल यांना हल्ला ठाऊक होता, पण जर्मन संकेतलिपी फोडल्याचे गुपित राखण्यासाठी त्यांनी आमच्या गावाचा बळी दिला' ही समजूत कॉव्हेंट्रीच्या जुन्या रहिवाशांत खोलवर रुजलेली आहे. कित्येकजण ती आईवडिलांकडून ऐकलेली गोष्ट म्हणून सांगतात. परंतु संकेतलिपी फोडली जात होती हेच सर्वसामान्यांना १९७४ पर्यंत ठाऊक नव्हते. त्या वर्षी एफ. डब्ल्यू. विंटरबॉथम यांचे 'द अल्ट्रा सीक्रेट' हे पुस्तक प्रसिद्ध झाले व त्यातून ही कथा पसरली. नंतर खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून ती टिकत नाही. मोठा हल्ला येणार एवढे कळले होते, पण चर्चिल यांची समजूत लक्ष्य लंडन असल्याची होती. त्या दिवशी ते लंडनबाहेर जाण्यास निघाले होते, ते परत फिरले. जर्मन विमानांना दिशा दाखविणाऱ्या रेडिओ किरणांवरून त्या दुपारी कॉव्हेंट्रीचा अंदाज आला होता, मात्र त्या किरणांत अडथळा आणणाऱ्या यंत्रणेचे मोजमाप किंचित चुकल्याने उपाय निष्फळ ठरला.

तरीही १९४० मधील आठवणीत १९७४ मधील पुस्तक शिरले. याचे कारण केवळ अज्ञान नव्हे. त्या रात्री विमानविरोधी तोफा व लढाऊ विमाने जवळजवळ कुचकामी ठरली हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. आपल्याला वाऱ्यावर सोडले गेले ही भावना आधीची होती आणि पुस्तकाने तिला कारण पुरविले. २००८ मध्ये येथील बेलग्रेड थिएटरने याच विषयावरील 'वन नाइट इन नोव्हेंबर' हे अॅलन पोलॉक यांचे नाटक रंगभूमीवर आणले, यावरून ही कथा किती जिवंत आहे हे लक्षात येते.

टॉम हॅरिसन यांचे काम या संदर्भात मार्गदर्शक ठरते. मास ऑब्झर्व्हेशन या संस्थेच्या निरीक्षकांसह ते हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी शहरात पोहोचले. लोक भेदरलेले, दिशाहीन झालेले, रात्र होण्यापूर्वी गाव सोडून खेड्यांकडे निघालेले त्यांनी पाहिले व बीबीसीवरून सांगितले. सरकारी वर्तुळात ते रुचले नाही. पुढे 'लिव्हिंग थ्रू द ब्लिट्झ' (१९७६) या ग्रंथासाठी त्यांनी युद्धकाळात टिपणे लिहिणाऱ्या काहींना तीसहून अधिक वर्षांनी तेच प्रसंग आठवून लिहावयास सांगितले. दोन्ही मजकुरांत मोठी तफावत पडली. धैर्य व शेजारधर्म वाढला होता, भीती ओसरली होती. हॅरिसन यांनी यावरून आठवणींविषयी जो कठोर निष्कर्ष काढला, तो थोडा एकांगी वाटतो. घाबरून गावाबाहेर शेतात, गाडीत, नातलगांच्या घरी काढलेल्या रात्री सरकारी इतिवृत्तांनी हात राखून सांगितल्या. त्यांचा तपशील मिळतो तो पुष्कळदा त्या काळी मुले असलेल्यांच्या आठवणींतच. मुलांना धैर्याचा आव आणण्याचे कारण नव्हते.

भोंगा, बॅच आणि गॉडकेक

दस्तऐवजांत ज्याची नोंद होत नाही, असे पुष्कळ या आठवणींत आहे आणि येथे त्यांचे मोल निर्विवाद होय. कारखान्याच्या भोंग्याला कॉव्हेंट्रीत 'बुल' म्हणत. मुंबईच्या गिरणगावातील वाचकास भोंग्यावर चालणारे घर काय असते हे सांगावयास नको. पावाच्या छोट्या गोल लादीला या गावात 'बॅच' म्हणतात. इंग्लंडच्या इतर भागांत हा शब्द या अर्थी सहसा कोणास कळत नाही, त्यामुळे परगावी दुकानात 'बॅच' मागणारा माणूस कुठला हे जाणकारास लगेच उमगते. नववर्षाला धर्ममातापित्यांनी मुलांना द्यावयाचा त्रिकोणी 'गॉडकेक' असे. वॉर्विकशायरमध्ये तीन रस्ते मिळतात तेथील गवताच्या त्रिकोणी तुकड्यालाही तेच नाव पडले.

घरांच्या रचनेचीही आठवण अशीच मोलाची आहे. विणकर ज्या घरांत राहत, त्यांच्या वरच्या मजल्यावर मोठ्या खिडक्यांचा कामाचा माळा असे व त्यास 'टॉप-शॉप' म्हणत. कॅश बंधूंनी १८५७ मध्ये कालव्याकाठी अशा १०० घरांची योजना आखली आणि त्यांपैकी ४८ बांधून झाली. प्रत्येक घरातील माग एकाच वाफेच्या यंत्रावर चालावेत, अशी ती व्यवस्था होती. फितींचा धंदा बुडाल्यानंतर ही कंपनी विणलेल्या नावपट्ट्यांवर जगली. जगभरातील इंग्रजी शाळांतील मुलांच्या गणवेशांवर कॉव्हेंट्रीत विणलेली नावे शिवलेली असत. गाव सोडून गेलेल्यांस ती पट्टी परक्या मुलखात अवचित भेटत असणार.

दोन माजी रहिवासी

नामवंतांच्या आठवणीही या दृष्टीने तपासण्यासारख्या आहेत. अभिनेत्री एलेन टेरी हिचा जन्म १८४७ मध्ये येथे झाला तो आईवडील नाटकमंडळीसह मुक्कामास असताना. पुढे ती कीर्तिमान झाल्यावर मार्केट स्ट्रीटवरील दोन घरे तिच्या जन्माचा मान सांगू लागली. जिला गावाची आठवण असणे शक्य नव्हते, तिचीच आठवण गावाने दोन ठिकाणी जपली!

कवी फिलिप लार्किन यांची गोष्ट उलट आहे. त्यांचा जन्म १९२२ चा. वडील कॉव्हेंट्री नगरपालिकेचे कोषाधिकारी. शिक्षण गावातीलच किंग हेन्री आठवा या शाळेत. १९४० मध्ये ते ऑक्सफर्डला गेले आणि काही आठवड्यांतच गावावर हल्ला झाला. आईवडिलांच्या शोधात ते बॉम्बग्रस्त शहरात आले व तो अनुभव 'जिल' (१९४६) या कादंबरीत रूप बदलून उतरला. १९५४ मध्ये त्यांनी 'आय रिमेंबर, आय रिमेंबर' ही कविता लिहिली. आगगाडी जन्मगावी थांबते आणि प्रवाशास, इतर कवींना आठवते तसले सोनेरी बालपण काही केल्या आठवत नाही, असा तिचा विषय आहे. टीकाकारांनी यावरून लार्किन यांना गावाविषयी ओढ नव्हती असे ठरविले. परंतु १९५९ मध्ये कॉव्हेंट्रीच्याच 'अम्ब्रेला' या मासिकात त्यांनी 'नॉट द प्लेसेस फॉल्ट' हा आठवणींचा लेख लिहिला. त्यात शाळा आहे, ग्रंथालय आहे, हिपोड्रोम नाट्यगृहातील वाद्यवृंदाच्या ढोलवादकांवर खिळलेली मुलाची नजर आहे. कवितेत नाकारलेले गाव गद्यात रस्त्यारस्त्यांनी परत येते. गावच्या मासिकाने विचारले म्हणून ते आले असावे, असा प्रस्तुत लेखकाचा तर्क आहे. आठवण कोणासमोर सांगितली जाते यावर तिचा आशय किती अवलंबून असतो, हे यातून दिसते. लार्किन कुटुंबाचे मॅनर रोडवरील मोठे घर बॉम्बमधून वाचले होते. साठच्या दशकात वर्तुळाकार रस्त्यासाठी ते पाडण्यात आले.

मुंबईत जन्मलेला वास्तुशिल्पज्ञ

नव्या कॅथीड्रलविषयी येथे थोडक्यात लिहिणे पुरे होईल, कारण त्यावर विपुल लेखन उपलब्ध आहे. त्याचे रचनाकार बेसिल स्पेन्स यांचा जन्म १९०७ मध्ये मुंबईत झाला. वडील तेथील टांकसाळीत नोकरीस होते व मुलाचे आरंभीचे शिक्षणही मुंबईतच झाले. १९५१ च्या स्पर्धेत निवडल्या गेलेल्या त्यांच्या आराखड्याचे वैशिष्ट्य असे की जळालेल्या चर्चचे अवशेष न हलविता नवी इमारत त्यांस काटकोनात जोडण्यात आली. २५ मे १९६२ रोजी ती उपासनेस खुली झाली. भग्न भिंती राखण्याचा हा निर्णय गावाबाहेर राहणाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. परत येणाऱ्याला उभे राहून 'येथे अमुक होते' असे बोट दाखविता येईल अशी जागा शहराच्या मध्यभागी फारच थोडी उरली होती.

नवी पिढी, नवी हळहळ

१९८० नंतर बाहेर पडलेल्यांच्या आठवणींत लाकडी घरे नाहीत. त्यांचे गाव म्हणजे मोटारींचे गाव. स्टँडर्ड-ट्रायम्फच्या कॅनली येथील कारखान्यातील मोटारनिर्मिती १९८० मध्ये थांबली, जग्वारच्या ब्राउन्स लेन येथील जुळणी २००५ मध्ये आणि प्यूजोचा शहरालगतचा रायटन येथील कारखाना २००६ मध्ये बंद झाला. १९८१ चा उन्हाळा बेकारी व वांशिक हिंसेचा होता. त्याच वेळी 'द स्पेशल्स' या स्थानिक, कृष्णवर्णीय व गोऱ्या वादकांच्या एकत्रित वाद्यवृंदाचे 'घोस्ट टाउन' हे गीत देशभर पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पंजाबी व कॅरिबियन कुटुंबांत वाढलेल्या पिढीसाठी शहराची स्मृती येथून सुरू होते. जुन्या गावाच्या आठवणींच्या संग्रहांत या पिढीस अद्याप पुरेशी जागा मिळालेली नाही. हा दोष संग्राहकांचा आहे, सांगणाऱ्यांचा नव्हे.

या पिढीने बाजारहाट केली ती प्रिसिंक्टमध्ये आणि त्यालगतच्या गोल मंडईत. छपरावर मोटारी उभ्या करण्याची सोय असलेली ही मंडई १९५८ मध्ये सुरू झाली, तेव्हा जुन्या गावावर प्रेम करणाऱ्यांना काँक्रीटच्या नव्या इमारतींबद्दल आपुलकी नव्हती. पुढे ती पाडण्याचा विचार निघाला तेव्हा विरोध झाला आणि २००९ मध्ये तिला संरक्षित वास्तूचा दर्जा देण्यात आला. तिच्या रचनेतही गिब्सनच्या खात्यातीलच वास्तुशिल्पज्ञांचा हात होता.